प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह: व्याख्या, स्मरणखुंट्या आणि त्यांच्या मर्यादा

अनुस्वार (धागाकर्ता)

परदेशी शिक्षणासाठी जीआरई देणाऱ्या आणि सरकारी नोकरीसाठी एसएससीची (कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेची) तयारी करणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना मी इंग्रजी शिकवतो. दोघांच्याही हातात शब्दांची तीच यादी असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एका शब्दातला मराठी अर्थ. जीआरईमधून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाम्य (शब्दांच्या जोड्यांतले सारखे नाते ओळखणे) हे दोन्ही प्रश्नप्रकार ऑगस्ट २०११ मध्येच काढून टाकण्यात आले. त्यांच्या जागी वाक्यातील रिकाम्या जागा भरण्याचे आणि वाक्याचा अर्थ सारखाच राखणारे दोन पर्याय निवडण्याचे प्रश्न आले. यादी मात्र बदललेली नाही.

एका शब्दातला अर्थ म्हणजे व्याख्या नव्हे, हे माझे पहिले म्हणणे आहे. 'फ्रूगल' आणि 'पार्सिमोनियस' या दोन्ही शब्दांसमोर 'काटकसरी' असे लिहिलेली यादी मी पाहिली आहे. पहिला शब्द सहसा कौतुकाने वापरला जातो, तर दुसरा नावे ठेवण्यासाठी. मराठीत आपण 'काटकसरी' आणि 'कवडीचुंबक' यांची गल्लत कधीच करत नाही, मग इंग्रजीत ती का व्हावी? म्हणून मी विद्यार्थ्यांना प्रत्येक शब्दाची व्याख्या इंग्रजी कोशात वाचायला आणि नंतर ती आपल्या घरच्या मराठीत लिहायला सांगतो. ही मराठी पाठ्यपुस्तकी नसली तर अधिकच चांगले. 'ऑफिशियस' म्हणजे कार्यालयीन नव्हे, तर कोणी न विचारता सल्ला देणारा आणि मदतीच्या नावाखाली लुडबुड करणारा माणूस. 'परफंक्टरी' म्हणजे पाट्या टाकल्यासारखे केलेले काम. 'फास्टिडियस' म्हणजे चोखंदळ, पण चोखंदळपणा इतरांना जाच वाटू लागेल अशा टोकाला गेलेला. 'इक्विव्होकेट' म्हणजे खोटे न बोलता ऐकणाऱ्याची दिशाभूल होईल असे दुहेरी बोलणे, आणि त्यासाठी आपल्याकडे 'नरो वा कुंजरो वा' हे तयारच आहे.

दुसरे म्हणणे स्मरणाच्या क्लृप्त्यांविषयी आहे. परक्या शब्दाच्या उच्चाराशी जुळणारा आपल्या भाषेतला शब्द घ्यायचा आणि त्याला अर्थाशी एखाद्या दृश्याने जोडायचे, या पद्धतीचा शिस्तशीर अभ्यास ॲटकिन्सन आणि रॉ या दोघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केला आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. तीन दिवसांत १२० रशियन शब्द शिकवल्यावर ही पद्धत वापरणाऱ्यांना ७२ टक्के शब्दांचे अर्थ आठवले, इतरांना ४६ टक्के. सहा आठवड्यांनी न सांगता घेतलेल्या चाचणीत हेच आकडे ४३ आणि २८ झाले. दोन गटांतला फरक टिकला, पण क्लृप्ती वापरणाऱ्यांच्या स्मरणातूनही बरेच निसटले, हेही त्याच आकड्यांत दिसते. म्हणून मी क्लृप्तीला खुंटी म्हणतो. तिच्यावर शब्द काही काळ टांगून ठेवता येतो, एवढेच.

माझ्या वर्गात टिकलेल्या दोन खुंट्या देतो. 'अबेट' म्हणजे जोर ओसरणे: पूर ओसरू लागला की नदीतले बेट पुन्हा दिसू लागते. 'गॅरुलस' म्हणजे क्षुल्लक गोष्टींवर अखंड बोलणारा: गारुडी गर्दी धरून ठेवण्यासाठी क्षणभरही तोंड मिटत नाही. आपल्याकडील उदाहरणे अवश्य द्यावीत, मात्र व्याख्या, खुंटी आणि शब्दाचा वापर अशी तिन्ही अंगे त्यात असावीत, ही विनंती.

रानवाटा

उपयुक्त धागा. माझ्याकडून दोन. 'ऑब्ड्युरेट' म्हणजे कितीही समजावले तरी न बदलणारा. मधल्या 'ड्युर' या उच्चारावरून मला 'दुराग्रह' आठवतो. 'चाइड' म्हणजे रागावणे, आणि त्याचे स्पेलिंग पाहिले की 'चिडणे' हे क्रियापद डोळ्यांसमोर येते.

काही शब्दांना मात्र खुंटी लागतच नाही, कारण त्यांची जन्मकथाच पुरेशी असते. 'लॅकॉनिक' म्हणजे अत्यंत मोजक्या शब्दांत बोलणारा. हा शब्द स्पार्टा ज्या प्रदेशात होते त्या लॅकोनियावरून आला. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने 'मी लॅकोनियात शिरलो तर तुम्हाला हुसकावून लावीन' अशी धमकी धाडली, तेव्हा स्पार्टन लोकांनी 'तर' एवढेच उत्तर पाठवले, असे प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो. गंमत अशी की ही कथा त्याच्या वाचाळपणावरील निबंधात आहे. त्यामुळे 'गॅरुलस' आणि 'लॅकॉनिक' हे दोन्ही शब्द एकाच कथेत बसतात.

पदच्छेद

मी संस्कृत शिकवते. ध्वनिसाम्यावर आधारलेल्या खुंट्या मुलांना आवडतात हे मान्य आहे, पण त्या कल्पित असतात. मराठी भाषकाच्या हाताशी खरी नाती असताना कल्पित नाती का शोधावीत? संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतातून आल्या असाव्यात, हे सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे १७८६ मध्ये मांडले. प्रगत इंग्रजी शब्दांचा मोठा भाग लॅटिन आणि ग्रीक धातूंवर उभा आहे, आणि त्या धातूंची भावंडे आपण रोज बोलतो.

'मॉलिफाय' म्हणजे रागावलेल्याचा राग शांत करणे. त्यातला लॅटिन 'मॉलिस' आणि संस्कृत 'मृदु' हे एकाच घराण्यातले, आणि आपला 'मऊ' हा 'मृदु'पासूनच आलेला. म्हणजे 'मॉलिफाय करणे' हे अक्षरशः मऊ करणे झाले. 'मॅग्नॅनिमस' या शब्दात 'मॅग्नस' म्हणजे महान, आणि 'ॲनिमस' हा 'प्राण' शब्दातल्या 'अन्' या धातूचा भाऊ. त्यामुळे 'महामना' हा त्याचा अर्थ सांगावाही लागत नाही. 'इम्पिक्युनियस' म्हणजे निर्धन. लॅटिनमध्ये 'पेकू' म्हणजे गुरे, तोच आपला 'पशु'. ज्याच्याकडे पशुधन नाही, तो निर्धन. 'टेन्युअस' मधला 'टेन्युइस' म्हणजे 'तनु', अर्थात पातळ, क्षीण. 'डिस्पेप्सिया' तर ग्रीक वेष घातलेला 'दुष्पच' आहे, कारण 'डिस' म्हणजे 'दुस्' आणि 'पेप' म्हणजे 'पच्'. धागाकर्त्यांच्या 'इक्विव्होकेट'मध्येही आपली 'वाच्' बसलेली आहे.

एक इशारा द्यायला हवा. दिसण्यातले साम्य म्हणजे नाते नव्हे. ग्रीक 'थिऑस' आणि आपला 'देव' यांचा संबंध नाही, मात्र लॅटिन 'डेउस' आणि 'देव' यांचा आहे. इंग्रजी 'डे' आणि 'दिवस' हेही वेगवेगळ्या मुळांचे आहेत. सगळी इंग्रजी संस्कृतातून निघाली, असे सांगणारे जे संदेश फिरत असतात, त्यांच्यावर विसंबून शब्द शिकू नयेत.

चार्ल्सकाठी

पदच्छेद यांचा प्रतिसाद वाचून आनंद झाला, पण माझा आक्षेपही त्यावरच आहे. मी बरीच वर्षे बॉस्टनमध्ये राहतो आणि भारतातून नव्याने आलेल्या मुलांचे लेखन कामानिमित्त वाचतो. 'टेन्युअस' म्हणजे 'तनु' असे शिकलेला विद्यार्थी उद्या एखाद्या सडपातळ मुलीला 'टेन्युअस' म्हणेल, कारण त्याच्या मनात 'तन्वी' असेल. प्रत्यक्षात आजच्या इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा दुवा, दावा, पकड, पुरावा यांच्या सोबत येतो. पुरावा 'टेन्युअस' असतो, कंबर नसते. मूळ कळले म्हणून वापर कळत नाही.

याहून अवघड प्रकरण म्हणजे मुळापासून फारकत घेतलेले शब्द. 'इग्रीजस' म्हणजे मुळात कळपातून उठून दिसणारा. पूर्वी तो स्तुतीसाठीही वापरत, आज तो केवळ ढळढळीत चूक किंवा अन्याय यांच्यासाठी उरला आहे. 'सँग्विन'च्या मुळाशी रक्त आहे, पण अर्थ आहे आशावादी, कारण शरीरात रक्त प्रबळ असलेला माणूस उत्साही असतो अशी जुन्या वैद्यकाची समजूत होती. रक्तपाताचा अर्थ हवा असेल तर 'सँग्विनरी' हा वेगळा शब्द आहे. 'एनर्व्हेट' हा तर हमखास फसवतो. 'एनर्जी'शी असलेल्या साम्यामुळे तो शक्ती देणारा वाटतो, आणि अर्थ आहे स्नायूच काढून घेतल्यासारखे गलितगात्र करणे.

रानवाटा यांच्या 'चाइड'बद्दलही असेच म्हणेन. तो शब्द बहुधा सौम्य कानउघाडणीसाठी येतो, पुष्कळदा प्रेमाने केलेल्या. 'चिडणे' ही खुंटी त्याला विनाकारण तापवते. खुंटी चुकीची निवडली की अर्थाचा रंगही तिच्याबरोबर बदलतो.

आणि एक. हे शब्द वाचताना ओळखता येणे आणि लिहिताना वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यालयीन ई-मेलमध्ये कोणाला 'मॅग्नॅनिमस' म्हटले तर वाचणाऱ्याला उपरोधाचा वास येतो. यादीतले बहुतेक शब्द ओळखण्यापुरते शिकावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनुस्वार (धागाकर्ता)

'टेन्युअस' आणि 'तन्वी' हे उदाहरण मी उद्याच वर्गात वापरणार. चार्ल्सकाठी यांच्या आक्षेपामुळेच व्याख्येचा प्रश्न पुढे येतो: कोणत्या कोशातली व्याख्या वाचावी?

स्वभाषकांसाठीचे कोश आपल्या कामाचे असतातच असे नाही. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५च्या कोशात 'नेटवर्क' या साध्या शब्दाची व्याख्या साधारण अशी आहे: जालरूप किंवा परस्परछेदी, समान अंतरे असलेली आणि छेदांच्या मध्ये अवकाश असलेली कोणतीही वस्तू. शब्द समजत होता, व्याख्येने तो समजेनासा झाला. या रोगावरचा उपाय बंगालमधल्या अनुभवातून निघाला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. परभाषेतून शिकणाऱ्या मुलांच्या अडचणी त्यांनी तिथे जवळून पाहिल्या आणि १९३५ मध्ये असा कोश काढला, ज्यातील सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ केवळ १,४९० शब्दांत सांगितले होते. पुढे लॉन्गमनच्या १९७८च्या विद्यार्थिकोशाने सुमारे २,००० शब्दांच्या मर्यादेत व्याख्या देण्याची शिस्त पाळली. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या कोबिल्ड कोशाने आणखी एक पाऊल टाकले आणि व्याख्या पूर्ण वाक्यात दिली. 'अमुक गोष्ट जेव्हा टेन्युअस असते तेव्हा…' असे वाक्य सुरू झाले की तो शब्द कोणत्या गोष्टींना लावतात हे व्याख्येतच कळते. तन्वीचा घोटाळा टाळायचा असेल, तर अशा व्याख्येचा मराठी अनुवाद वहीत लिहावा, एकाकी प्रतिशब्द लिहू नये.

वाचनखोली_१२

मी एसएससीची तयारी करतो आहे आणि चर्चा आवडीने वाचतो आहे. पण आमच्या परीक्षेत समानार्थी, विरुद्धार्थी आणि शब्दसमूहाबद्दल एक शब्द असे प्रश्न आजही थेट येतात. चार पर्याय समोर असतात आणि काही सेकंदांत उत्तर द्यायचे असते. प्रत्येक शब्दाची पूर्ण वाक्यातली व्याख्या लिहायला आमच्यापैकी किती जणांकडे वेळ आहे? एका शब्दाचा अर्थ पाठ असणे आमच्यासाठी पुरेसे नाही का?

पदच्छेद

वाचनखोली, शब्दसमूहाबद्दल एक शब्द या प्रकारात तर धातूंचा मार्ग सर्वांत जलद आहे, कारण तिथे शब्द कुटुंबाने येतात आणि अर्थही मुळाला धरून राहतात. 'साइड' या प्रत्ययाचा अर्थ हत्या किंवा हत्या करणारा, एवढे एकदा समजले की 'मॅट्रिसाइड'मध्ये माता, 'पॅट्रिसाइड'मध्ये पिता, 'फ्रॅट्रिसाइड'मध्ये भ्राता आणि 'रेजिसाइड'मध्ये राजा हे आपोआप दिसतात. यांतले एकही नाते कल्पित नाही. फक्त 'अक्सॉरिसाइड' म्हणजे पत्नीची हत्या, हा शब्द वेगळा पाठ करावा लागेल.

चार्ल्सकाठी यांचा 'तन्वी'चा मुद्दा मला मान्य आहे, तरी त्याने माझे मूळ म्हणणे बाद होत नाही. मूळ हे प्रथम भेटीतल्या ओळखीसाठी आहे. शिवाय आपल्या परंपरेत शब्दसंग्रह पाठ करण्याची सिद्ध पद्धत आहे. अमरकोशाची रचना वर्णानुक्रमाने नसून विषयानुसार आहे: मनुष्यवर्ग, सिंहादिवर्ग, वनौषधिवर्ग. अर्थाने जवळचे शब्द एकत्र आणि तेही अनुष्टुभ छंदात. इंग्रजी शब्दांचेही असे वर्ग करून शिकवले तर? अबोल, मितभाषी, बोलका, वाचाळ असा सगळा पट्टा एका पाठात.

पुनरावृत्ती

पदच्छेद यांच्या शेवटच्या सूचनेला विरोध करण्यासाठी लिहितो आहे. अमरकोश पाठ करणारा विद्यार्थी संस्कृताच्या वातावरणात वाढत होता, त्याच शब्दांशी त्याची पुढे काव्यात भेट होत राहणार होती. पूर्णपणे नवे आणि अर्थाने जवळचे शब्द एकाच बैठकीत शिकले तर ते एकमेकांत मिसळतात, असे टिंकम आणि वेअरिंग यांच्या १९९०च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. 'टॅसिटर्न', 'रेटिसंट' आणि 'लॅकॉनिक' एकाच दिवशी शिका. तिघांचा संबंध कमी बोलण्याशी आहे हे लक्षात राहील, पण कोणता स्वभावाने अबोल, कोणता मनातले उघड न करणारा आणि कोणता मोजके बोलणारा, हे नेमके विसरेल. आधी एकेकटे शिकावेत, आणि ओळख पक्की झाल्यावर तुलनेसाठी शेजारी ठेवावेत.

आता वाचनखोली यांच्या वेळेच्या प्रश्नाकडे येतो. वेळ बहुतेकदा पुन्हा पुन्हा वाचण्यात जातो. कार्पिकी आणि रोडिगर यांच्या २००८च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या ४० जोड्या शिकल्या. शब्द एकदा आठवल्यानंतरही ज्यांची चाचणी चालू राहिली, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आठवले. आठवलेल्या शब्दांची चाचणी ज्यांनी थांबवली, त्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास, मग त्यांनी ते शब्द पुन्हा वाचलेले असोत वा नसोत. वाचण्यापेक्षा आठवण्याचा प्रयत्न महत्त्वाचा. त्यासाठी सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली, शब्दांची कार्डे ठेवण्याची कप्प्यांची पेटी आजही पुरेशी आहे. बरोबर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी समोर येते, तर चुकलेले पहिल्या कप्प्यात परतते. मोबाइलवरची बहुतेक कार्ड-ॲप्स याच विचाराचा हिशेब अधिक बारकाईने करतात.

कार्डाच्या पुढच्या बाजूला रिकामी जागा असलेले वाक्य असावे, मागे शब्द, त्याची व्याख्या आणि अगदी खाली बारीक अक्षरांत खुंटी. पुढे खुंटी लिहिली तर परीक्षा खुंटीचीच होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊसचा विस्मरणाचा आलेख (पाठ केलेले दिवसागणिक किती विसरते ते दाखवणारा) सगळे दाखवतात, पण १८८५च्या त्या पुस्तकात त्याने मुख्यतः निरर्थक अक्षरगट पाठ केले होते, हे सांगायचे राहते. त्याच पुस्तकात तो नोंदवतो की बायरनच्या काव्यातली कडवी पाठ करायला त्याला साधारण दहावा हिस्साच श्रम पडले. ज्या शब्दाला वाक्य नाही, तो शिकणाऱ्याच्या दृष्टीने निरर्थक अक्षरगटापेक्षा फारसा वेगळा नसतो.

तासिका

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना शिकवताना मला जाणवणारा प्रश्न अद्याप कोणी मांडलेला नाही. आपण खुंटी उच्चारावर बांधतो, पण उच्चार कोणता? पुष्कळ विद्यार्थी शब्द केवळ छापील रूपात भेटल्यामुळे स्पेलिंगवरून उच्चार ठरवतात. 'एपिटमी'ला 'एपिटोम', 'हायपर्बली'ला 'हायपरबोल', 'इन्डाइट'ला 'इन्डिक्ट', 'अराय'ला 'ऑरी'. चुकीच्या उच्चारावर सुंदर खुंटी बसली की तो उच्चार जन्मभर निघत नाही. रानवाटा यांची 'चिडणे' ही खुंटीदेखील स्पेलिंगवर बसलेली आहे, उच्चारावर नव्हे. म्हणून माझ्या वर्गात क्रम ठरलेला आहे: प्रथम कोशातला ध्वनिमुद्रित उच्चार ऐकणे, तो देवनागरीत लिहिणे, आघात (उच्चारातला जोर) शब्दाच्या कोणत्या अवयवावर, म्हणजे उच्चारखंडावर, आहे तिथे खूण करणे, आणि त्यानंतरच खुंटी. देवनागरीत इंग्रजीचे सगळे स्वर आणि आघात उतरत नाहीत, तरीही 'इन्डाइट' असे लिहिलेले रूप 'इन्डिक्ट'पासून निश्चित वाचवते.

रानवाटा

तासिका आणि चार्ल्सकाठी, 'चाइड'ची खुंटी बदलते. 'चहा' आणि 'चाइड' यांचा आरंभ सारखा आहे: सासूबाई उशिरा उठलेल्या नातवाला चहा हातात देता देता लटके रागावत आहेत. राग सौम्य राहिला आणि उच्चारही 'चाइड'च राहिला.

वाचनखोली_१२

सर्वांचे आभार. पुनरावृत्ती यांनी सांगितल्याप्रमाणे कार्ड करून पाहिले, ते इथे तपासणीसाठी ठेवतो.

शब्द: 'व्हॅसिलेट', आघात पहिल्या अवयवावर. व्याख्या: माणूस जेव्हा व्हॅसिलेट करतो, तेव्हा दोन निर्णयांमध्ये त्याचे तळ्यात-मळ्यात चालू असते आणि तो कोणत्याही एकावर ठरत नाही. खुंटी: 'व्हॅसि' म्हणजे गावची वेशी. माणूस वेशीवर उभा आहे, गावात परतावे की शहराची गाडी पकडावी हे त्याला ठरवता येत नाही. वापर: सरकारी नोकरी आणि वडिलांचे दुकान यांच्यामध्ये तो वर्षभर (रिकामी जागा) करत राहिला.

अनुस्वार (धागाकर्ता)

कार्ड उत्तम आहे. दोनच भर घालावी. या क्रियापदाला कर्म लागत नाही, निर्णयाला 'व्हॅसिलेट' करता येत नाही, आणि दोन पर्याय सांगायचे असतील तर पुढे बहुधा 'बिट्वीन' येते, हे व्याख्येखाली लिहून ठेवा. 'ऑसिलेट' हा शब्द मात्र याच आठवड्यात घेऊ नका. तो लंबकालाही लागतो आणि माणसाच्या मनालाही, त्यामुळे दोन्ही एकदम घेतले तर पुनरावृत्ती यांनी सांगितलेला घोळ होईल. वेशीवरचे कार्ड निदान तिसऱ्या कप्प्यात पोहोचू द्या, मग तो घ्या.